बार्ड (भूमिका-खेळातील पात्र)

बार्ड : अद्‌भुतरम्य भूमिका-खेळांतील गायक-कवीचे पात्र. प्राचीन केल्टिक समाजातील भाटकवींवरून हे नाव आले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या अमेरिकन बैठ्या खेळासाठी डग श्वेगमन यांनी १९७६ मध्ये ते प्रथम मांडले. १९७८ च्या नियमपुस्तकानुसार पात्राला आधी योद्धा, नंतर चोर व अखेरीस ड्रुइडांचा शिष्य व्हावे लागे. त्यामुळे हे पद दीर्घकाळ खेळल्यावरच लाभे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते आरंभीच निवडता येऊ लागले.

पाचव्या आवृत्तीनुसार (२०१४) पात्ररचना करताना सहा क्षमतांपैकी व्यक्तिप्रभाव सर्वाधिक ठेवणे हिताचे असते; कारण मंत्रसामर्थ्य व प्रेरणा देण्याच्या संधी त्यावरच अवलंबून असतात. प्रेरणा लाभलेला सहकारी आपल्या फाशाच्या दानात आणखी एका फाशाचे दान मिळवितो. बार्डला मात्र ही प्रेरणा स्वतःला देता येत नाही. म्हणून सोबत्यांत कोणती उणीव आहे हे पाहूनच त्याची कौशल्ये व मंत्र निवडावेत. एरवी सर्व विद्यांत थोडी गती असूनही हे पात्र संकटप्रसंगी निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो.