पाण्याखालचें यंत्र व चार विद्यार्थी

‘रोबो’ हा शब्द कानीं पडतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें हातपाय असलेली, माणसासारखी चालणारी लोखंडी आकृति उभी राहते. परंतु या यंत्रांच्या जातींत हातपाय नसलेलींच अधिक. समुद्राच्या तळाशीं जाऊन तेलाचे नळ तपासणारीं, बुडालेलीं जहाजें धुंडाळणारीं यंत्रें आज पुष्कळ आहेत; वर जहाजावर बसलेला चालक लांब तारेच्या साह्यानें त्यांस हांकतो. अशीं यंत्रें विद्यार्थ्यांकडून तयार करविण्याची एक स्पर्धा अमेरिकेंत माँटेरे येथील ‘मेट’ नांवाची संस्था २००२ पासून भरवीत आली आहे. तिच्या २००४ सालच्या मोसमाची हकीकत आम्ही येथें देत आहों.

या स्पर्धेचा मोसम म्हणजे एका दिवसाची शर्यत नव्हे. पाण्याखालीं कोणतीं कामें करावयाचीं हें कित्येक महिने आधीं जाहीर होतें. मग प्रत्येक संघानें यंत्राची आंखणी करावयाची, तें बांधावयाचें, बुडवून पाहावयाचें, बिघडलें कीं पुन्हां बांधावयाचें, आणि केलेल्या सर्व कामाचा लेखी अहवाल सादर करावयाचा. अखेरीस तलावांत प्रत्यक्ष परीक्षा, आणि तिच्या जोडीला तज्ज्ञांपुढें तोंडी परीक्षा. गुण तिन्हींचे मिळून.

अरिझोना प्रांतांतील फीनिक्स हें शहर वाळवंटांत वसलेलें आहे. तेथील कार्ल हेडन हायस्कुलांत श्री. फ्रेडी लाजवर्दी हे सागरविज्ञान शिकवीत. (वाळवंटांत सागरविज्ञान! पण शिकविणारा असला म्हणजे समुद्र दूर आहे ही सबब चालत नाहीं.) त्यांनीं व संगणक शिकविणारे श्री. ॲलन कॅमेरॉन यांनीं चार मुलगे निवडले. चौघेही मेक्सिकोंतून आलेल्या गरीब कुटुंबांतले. स्पर्धेंत एक वर्ग शाळांकरितां सोपा व दुसरा मुख्यतः कॉलेजांकरितां कठीण असा होता. गुरुजींनीं कठीण वर्गांत नांव दिलें. विचार असा कीं, हरावयाचेंच तर कॉलेजांकडून हरण्यांत कमीपणा नाहीं.

जमलेला निधि सुमारें ८०० डॉलर. त्यांतून प्लॅस्टिकच्या नळ्यांचा सांगाडा झाला. नळ्या चिकटविण्याच्या द्रव्यास असा कांहीं उग्र वास येई कीं, यंत्राचें नांवच ‘स्टिंकी’, म्हणजे ‘वासमाऱ्या’, पडलें. नळ्यांत कोंडलेल्या हवेनें यंत्र तरंगे. पिंपांतील द्रवाचा नमुना काढावयाचा होता, त्यासाठीं वांकविलेली तांब्याची नळी, एक लहान पंप व एक स्वस्त फुगा एवढीच सामग्री.

आमच्या मतें त्यांची खरी बुद्धि दोन ठिकाणीं दिसली. पहिलें ठिकाण लांबी मोजण्याचें. लेसरचें मापनयंत्र प्रकाश जाऊन परत येण्यास किती वेळ लागला हें पाहून अंतर सांगतें. पण तें हवेंतील वेगाचा हिशेब धरतें. पाण्यांत प्रकाश मंद चालतो. हवेशीं त्याच्या वेगाचें प्रमाण सुमारें १ ला १.३३ असें पडतें. म्हणून ३ मीटर अंतर असतां यंत्र ४ मीटर सांगेल. मुलांनीं पाण्यांत साधी मोजपट्टी व लेसर शेजारीं धरून ही तफावत शोधून काढली. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतील वक्रीभवनाचा अंक तो हाच!

दुसरें ठिकाण विजेचें. वीज कांठावरून पुरवावी तर तार जाड होते, व जाड तार यंत्रास मागें ओढते. मुलांनीं विजेच्या बॅटऱ्या व सर्व नाजूक जोडण्या एका जलाभेद्य पेटींत घालून ती यंत्रावरच बसविली. तार बारीक झाली. पण आतां पेटींत पाणी शिरलें तर सर्वच ग्रंथ आटोपणार. आणि झालेंही तसेंच. सांता बार्बरा येथें पोंचल्यावर सरावांत पेटी गळूं लागली! रात्र जागून जोडण्या नव्यानें डांखल्या. गळती मात्र थांबेना. तेव्हां पाणी शोषून घेणारें कांहीं तरी हवें म्हणून एका मुलानें दुकानांत लाजत लाजत एका अपरिचित बाईंस विचारलें, व स्त्रिया मासिक धर्माच्या वेळीं वापरतात ते कापसाचे बोळे विकत आणले. त्यांनीं पेटी कोरडी राहिली.

तलावांतील परीक्षेंत अकरा संघांत त्यांचा क्रमांक तिसरा लागला. जगविख्यात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा, म्हणजे ‘एमआयटी’चा, संघ त्यांच्या पुढें होता. परंतु तोंडी परीक्षेंत, अमुक भाग असाच कां केला, या प्रश्नाला त्यांजपाशीं स्वतः केलेल्या प्रयोगाचें उत्तर होतें. लेखनाचें बक्षीस त्यांना मिळालें, आंखणीचेंही मिळालें, आणि सर्व गुणांची बेरीज होतां पहिला क्रमांक कार्ल हेडनचा, दुसरा एमआयटीचा. ज्यांच्या घरीं इंग्रजी बोलली जात नसे, अशांच्या संघाला इंग्रजी अहवालाबद्दल बक्षीस मिळावें हें आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगवही लिहितांना अवश्य आठवावें. पालकांसही सांगणें आहे: मुलानें घरीं एखादी वस्तु खोलून ठेवली तर रागावण्यापूर्वीं ती कशी चालते हें त्याला विचारावें.

स्पर्धा संपली तरी मुलांची अडचण संपली नाहीं. बहुतेकांजवळ त्या देशांत राहण्याचा कायदेशीर परवाना नव्हता. २००६ साली अरिझोनाच्या मतदारांनीं असा निर्णय केला कीं, परवाना नसलेल्या विद्यार्थ्यांस प्रांतांतील रहिवाशांच्या कमी फीची सवलत मिळूं नये. चौघांपैकीं एकानें तरीही २००९ मध्यें विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी मिळविली, स्वतः होऊन मेक्सिकोस परतून रीतसर अर्ज केला, २०१० मध्यें परवाना मिळवून आला व पुढें अमेरिकन सैन्यांत शिरून अफगाणिस्तानांत गेला. दुसऱ्या एकाला वाढलेली फी झेपेना. त्यानें विद्यापीठ सोडलें.