तरुणांचा व्यायाम आणि मोबाईलवरचा गट



लागण, खत, पाणी आणि ऊसदर यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज घरातल्या तरण्याताठ्या पोरांविषयी थोडे बोलू. एके काळी रानात जायचे म्हणजे पायी, फार तर सायकलवर. आता बांधापर्यंत मोटारसायकल जाते, नांगरट ट्रॅक्टर करतो, विहिरीवरची मोटार घरबसल्या मोबाईलवरून सुरू होते. कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण कष्टाबरोबर अंगाची हालचालही गेली आणि ताटातली भाकरी तेवढीच राहिली.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. २०२४ साली 'लान्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात जी पाहणी आली, तीनुसार २०२२ मध्ये भारतातील निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण शेकडा ४२, तर स्त्रियांत शेकडा ५७ होते. पुरेशी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला निदान १५० मिनिटे. पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालले की हिशेब पुरा!

आता कुणी म्हणेल, हे पोरांना ठाऊक नाही का? ठाऊक आहे. अडते ते रोज उठण्यापाशी. आणि इथेच ज्या मोबाईलला आपण नावे ठेवतो, तो कामाला येऊ शकतो.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात याचे दोन प्रयोग झाले. पहिला २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात २१७ विद्यार्थी होते. काहींना व्यायामाचे महत्त्व सांगणारे उत्तम संदेश व चित्रफिती पाठवल्या. काहींना उपदेश मुळीच केला नाही. अनोळखी विद्यार्थ्यांचे लहान गट करून, गटातल्या कुणी व्यायामाच्या वर्गात नाव घातले की इतरांना कळेल, एवढीच सोय केली. उपदेशाने सुरुवातीला उत्साह आला, पण लवकरच ओसरला. गटातली मुले मात्र व्यायाम वाढवीत गेली.

दुसरा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ८०० विद्यार्थी, ११ आठवडे. काही गटांत एकमेकांना धीर द्यायचा, गप्पा मारायच्या. काहींत फक्त कोण किती वेळा आले याची क्रमवारी दिसायची. निकाल गमतीचा लागला. क्रमवारीवाल्यांची हजेरी, कोणत्याच गटात नसलेल्यांपेक्षा शेकडा ९० ने जास्त भरली. धीर देणाऱ्या गटांना तसा काहीच फायदा झाला नाही.

असे का? संशोधकांचे म्हणणे असे, की गप्पांच्या गटात लक्ष जाते ते न येणाऱ्यांकडे. "तोही आला नाही, मग मी तरी कशाला?" असे होते. क्रमवारीत लक्ष जाते सर्वांत पुढच्याकडे, आणि त्याची बरोबरी करावीशी वाटते.

आपल्याला हे नवे नाही. शेजारच्याने एकरी १०० टन काढले की आपण त्याच्या बांधावर जाऊन बेणे कुठले, सरी किती फुटांची, सगळे विचारून येतो. नुसत्या भाषणाने टनेज वाढत नाही. वजनकाट्याची पावती बोलते!

तेव्हा गावातल्या पोरांनी व्हॉट्सॲपवर असा गट जरूर करावा. काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात :

१. गट लहान असावा, आठ-दहा जणांचा. दोनशेंच्या गटात कुणाचे कुणाकडे लक्ष नसते.

२. त्यात शुभ सकाळ, राजकारण, भाषणे नकोत. आज किती मिनिटे चाललो, किती सूर्यनमस्कार घातले, तालमीत वा कबड्डीच्या मैदानावर किती वेळ होतो, एवढेच लिहावे.

३. दर रविवारी एकाने बेरीज करून यादी टाकावी.

४. बरोबरी जोडीच्या माणसाशी असावी. नव्याने सुरू करणाऱ्याला जुन्या पैलवानाशेजारी बसवले तर तो चार दिवसांत गट सोडील. मागे पडलेल्याची टिंगल करू नये.

५. लेकी-सुनांचा गट निराळा असला तरी चालेल, पण असावा जरूर. वरचे आकडे पाहिल्यास गरज त्यांना अधिक आहे.

६. छातीत दुखणे, दम लागणे, रक्तदाब वा मधुमेह असेल त्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

गळीत हंगामात तोड आली, रात्रीच्या विजेवर पाण्याची पाळी आली की नेम चुकणारच. चुकलेला दिवस शून्य म्हणून लिहावा आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू करावे. खोटा आकडा घालू नये. काटा मारला तर नुकसान आपल्याच शरीराचे.

वडीलधाऱ्यांना एकच विनंती. पोरगा पहाटे उठून पळायला निघाला, तर "रानात कामं पडली आहेत" म्हणून त्याला अडवू नका. खोडवे जपले तर ते पुढेही पीक देते. शरीराचेही तसेच आहे.