श्वास आणि घास

संपादकांच्या कर्जतकडच्या भाच्याला मालवाहू गाडीचं कर्ज मंजूर झालं, आणि घरात दोन तट पडले. वडील म्हणत डिझेल, मुलगा म्हणे पेट्रोल. मामांचा निकाल मागितला तर मामांनी तो माझ्या गळ्यात घातला. ‘घाटाखाली दोन दिवस फिरून ये, विचार, आणि आलास की वाचकांसाठीही लिही.’ तोवर गाडीचं बुकिंग थांबवायचं ठरलं.

पहाटे चारला कर्जतच्या चारफाट्यावर उभा राहिलो. थंडीचे दिवस होते. कशेळे-कडावकडून येणाऱ्या गाड्यांत भेंडी, काकडी, कारली; जाळीच्या खुराड्यांत दाटीने बसलेल्या ब्रॉयलर कोंबड्या; कुठे मांडवाचे बांबू, कुठे फार्महाऊसच्या फरशा, कुठे भट्टीवरच्या गरम विटा. भाजीच्या गाड्या वाशीच्या बाजाराकडे, फरशीच्या गाड्या उलट्या दिशेने. चहाच्या टपरीवर तीन ड्रायव्हरांना विचारलं, भरती किती? एकानेही टनात उत्तर दिलं नाही. ‘साठ कॅरेट’, ‘चाळीस गोणी’, ‘मालक सांगेल तेवढी’. पासिंग पावणेदोन टनांचं, भरती मालकाच्या मनाएवढी. इंजिनाची चर्चा इथूनच सुरू होते. कंपनीच्या पुस्तिकेत वजन कागदावर असतं, चारफाट्यावर ते पाट्यांवर बसलेलं दिसतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, आगगाडी १८६३ मध्ये वर गेली. ३७ मीटरला एक मीटर एवढा तो चढ, आणि आजही कर्जत स्टेशनात बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावून लोणावळ्यापर्यंत ढकलावं लागतं. जीप आपल्याकडे १९४७ नंतर जुळू लागली, ती पेट्रोलवर चालणारी. डिझेल खेड्यात आलं ते रस्त्याने नव्हे, शेतातून आणि गिरणीतून. किर्लोस्करांचा खडकीचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ चा. विहिरीवरच्या पंपाची आणि भाताच्या गिरणीची टकटक हीच कित्येक गावांना डिझेलची पहिली ओळख.

गाडीतल्या डिझेलचं कूळही शेतातलंच निघतं. बोलेरो पिकअपच्या अडीच लिटरच्या इंजिनाचा सिलिंडर ८८.९ मिलिमीटर रुंद, पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर. असे अवघड आकडे कुणी का निवडले असतील, असं वाटतं. इंचात मोजलं की कोडं सुटतं: साडेतीन इंच आणि चार इंच. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा कारखाना काढला, त्या ट्रॅक्टरांच्या घराण्यातलं हे माप. पंप बदलला, टर्बो आला, कॉमन रेल आली, संगणक आला. भोक आणि धाव तीच राहिली. चाकाखाली डांबर असलं तरी हे इंजिन स्वभावाने नांगर ओढणारंच आहे.

हा स्वभाव मला समजावला तो खोपोलीत, जुन्या हायवेला लागून असलेल्या पत्र्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी. साठीच्या पुढचे, चष्म्याला दोरी, हाताच्या रेघांत काळं ऑइल कायमचं. त्यांचं नाव छापायचं नाही अशी त्यांची अट. माझा प्रश्न ऐकून त्यांनी उत्तर दिलं नाही. भंगाराच्या डब्यातून जुन्या व्हॅनचं कार्ब्युरेटर काढलं आणि त्यातली पितळी चकती बोटाने फिरवून दाखवली.

‘हे बटरफ्लाय. पेट्रोल गाडीचा घसा. ॲक्सिलेटर सोडला की बंद, दाबला की उघडा. हवा किती घ्यायची ते हे ठरवतं.’ मग कोपऱ्यातल्या जुन्या डिझेल इंजिनाकडे बोट केलं. ‘आणि ह्याला घसाच नाही. सदा तोंड उघडं. हवा पोटभर, किती बी घे. डिझेल तेवढं मोजून द्यायचं.’

मी वहीत लिहिलं: पेट्रोल श्वास मोजून घेतं, डिझेल घास मोजून घेतं. मिस्त्रींना वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘लिहा तसंच. बाकी सगळं त्याच्यातनंच निघतं.’

आणि खरंच निघतं. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन एकत्र येतात, ठिणगीने पेटतात. मिश्रण ठिणगीआधीच पेटू नये म्हणून ते फार दाबता येत नाही. साधारण दहापट दाबलं की पुरे. डिझेलमध्ये नुसती हवा सोळा-अठरापट दाबतात. ती एवढी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो पेट घेतो. ठिणगी लागतच नाही. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात याच तत्त्वावर चाललं. जास्त दाब म्हणजे इंधनातून जास्त काम. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के ऊर्जा अधिक असते. आणि घसा उघडा असल्याने अर्ध्या भरतीवर, रांगेत, डुलत डुलत चालताना श्वास ओढायचे कष्ट वाचतात. एक्स्प्रेस वेच्या टोलनाक्यावर खोळंबलेली डिझेल गाडी फार थोडं पिते, त्याचं हे कारण.

पण एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक जाड, पिस्टन जड, क्रँक भक्कम हवा. म्हणून डिझेल महाग आणि सावकाश. बोलेरो पिकअपचा जोर सुमारे २०० न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला १४०० ते २२०० फेऱ्यांतच पुरा मिळतो. ड्रायव्हरच्या भाषेत, गाडी ‘खालून उचलते’. पेट्रोल मात्र वर फिरवलं की रंगात येतं.

अमेरिकेत जड पिकअपवर हाच वाद अनेक दशकं चालू आहे. तिथे डॉज कंपनीने १९८९ च्या सुमारास आपल्या मोठ्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल बसवलं, तेव्हापासून घोड्यांचे, बोटींचे ट्रेलर ओढणारे डिझेलवाले आणि खरेदीच्या किमतीत वाचलेले पैसे मोजणारे पेट्रोलवाले असे दोन पंथ पडले. त्याच कमिन्सची कंपनी पुण्याला १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत निघाली होती.

आपल्याकडे वादाला वेगळं वळण मिळालं ते सरकारी कागदाने. २०१४ पर्यंत डिझेलची किंमत सरकार धरून ठेवायचं, त्यामुळे गणित एका बाजूला झुकलेलं असायचं. त्या वर्षी ऑक्टोबरात डिझेल मोकळं झालं आणि दोन्हींतली दरी आटली. मग १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले. धुरातली काजळी गाळायची, नायट्रोजनचे वायू मारायचे, म्हणजे डिझेलच्या शेपटीला छोटा रासायनिक कारखानाच जोडायचा. मोठ्या गाडीत तो खर्च पचतो, छोट्या गाडीत पचत नाही. २००५ मध्ये टाटांचा छोटा हत्ती आला तो ७०२ घनसेंटिमीटरचं दोन सिलिंडरचं डिझेल घेऊन. बीएस-६ नंतर त्याच हत्तीला ६९४ घनसेंटिमीटरचं पेट्रोलही मिळालं: ३० अश्वशक्ती, ५५ न्यूटन-मीटर. बाजूचं डिझेल २० अश्वशक्ती आणि ४५ न्यूटन-मीटरचं. म्हणजे एवढ्या लहान गाडीत जोरातही पेट्रोल पुढे. मारुतीच्या सुपर कॅरीने २०१६ मध्ये डिझेलने सुरुवात केली होती; बीएस-६ आल्यावर तिचं डिझेल गेलं, पेट्रोल आणि सीएनजी राहिलं. सीएनजी म्हणजे पेट्रोलचंच भावंड. ठिणगीवर चालणारं, घसा असलेलं.

चढ म्हटला की डिझेलच, हा समज मोडायचा तर नेरळला जावं. तिथून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा रस्ता बोरघाटापेक्षा कितीतरी उभा; आणि तो वर्षानुवर्षं चढल्या त्या पेट्रोलच्या ओम्नी टॅक्स्या, पाऊण लिटरच्या आसपासच्या इंजिनाच्या. पहिल्या गिअरमध्ये, कण्हत, पण रोज. शेजारच्या रुळांवर १९०७ पासून धावणाऱ्या झुकझुक गाडीला मात्र वाफेनंतर डिझेल इंजिन लागलं, कारण तिच्यामागे डबे होते. डोंगर एकच, इंजिनं दोन. फरक पडतो तो मागे लावलेल्या वजनाने.

मिस्त्रींना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. ‘सगळे चढायचंच विचारतात, साहेब. उतरायचं कोण विचारत नाय.’

इथून पुढे माझा लेख माझ्या हातातून गेला.

खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटरवर, लोणावळा सहाशेच्या पुढे. गाडी आणि माल मिळून साडेतीन टन धरले, चढ साडेपाचशे मीटर धरला, तर लागणारी ऊर्जा सव्वापाच युनिट विजेएवढी भरते. इंजिनात वाया जाणारं धरून डिझेल दीड लिटर, पेट्रोल दोन लिटरच्या थोडं वर. हा झाला चढाचा हिशेब. पेट्रोल पंपावर फिटतो.

उतरताना तीच सव्वापाच युनिटं परत येतात आणि कुठेतरी जिरावी लागतात. वीस मिनिटांत घाट उतरलात, तर आपल्या न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे आठ गीझर एकदम चालू केल्यासारखी उष्णता होते. ती सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये ओतायची की इंजिनात जिरवायची, एवढाच प्रश्न. पिकअपचे ब्रेक तेलावर चालतात. साधं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल पितं. पुरेशी ओल प्यायलं की १४० अंशांनाच उकळतं. आणि कर्जत-खालापूरचा पावसाळा ओलीला कमी पडत नाही. तेल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दबते, तेल दबत नाही. पायाखालचा पेडल फरशीला टेकतो. घाटातल्या अपघातांच्या बातम्यांत ‘ब्रेक निकामी’ असे दोन शब्द येतात. ते निकामी कसे झाले, याचं अर्धं उत्तर बहुधा या वाफेत असतं.

आता घशाकडे परत या. पेट्रोल गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की घसा मिटतो, पिस्टन मिटल्या घशातून हवा ओढायला धडपडतात, आणि ती धडपड गाडीला मागे धरते. जुन्या डिझेलला घसा नाही. हवा दाबली जाते, आणि दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते. धरणं उरतं ते जड इंजिनाच्या घर्षणाचं आणि खालच्या गिअरचं. म्हणून मोठ्या ट्रकांना धुराचा मार्ग अडवणारा वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लावतात. पिकअपला सहसा तो नसतो. जे इंजिन वर नेताना वाघ, ते खाली आणताना स्वतःहून फार धरत नाही.

दुसरी गोष्ट सांगताना मिस्त्रींनी अल्टरनेटरमागची एक लहान डबी काढून दाखवली. पेट्रोल इंजिनात मिटल्या घशामागे पोकळी तयार होते, तीच ब्रेकच्या बूस्टरला पुरते. डिझेलला घसा नाही म्हणून पोकळी नाही. ती करायला हा वेगळा व्हॅक्यूम पंप, इंजिनावर फिरणारा. ‘उताराला इंजिन बंद करतात काही शहाणे,’ मिस्त्री म्हणाले. ‘दोन-तीनदा ब्रेक मारला की बूस्टर संपला. मग पेडल दगड.’

शहाणपणाचं दुसरं रूप न्यूट्रल. ‘तेवढंच डिझेल वाचतं’ हे मी टपरीवर दोघांकडून ऐकलं होतं. वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला, तर पंप किंवा संगणक इंधन बंदच करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला थेंब थेंब द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलवाला जास्त जाळतो आणि वर आठही गीझर ब्रेकवर टाकतो.

मिस्त्रींच्या गॅरेजात त्या दिवशी तीन गाड्या होत्या. दोन पिकअप, एक हत्ती. इंजिनाच्या कामाला एकही आलेली नव्हती. तिघींचेही ब्रेक ड्रम निळे पडले होते. नव्या गाड्यांचं इंजिन त्यांना उघडावं लागत नाही, दिवा लागला की गाडी कंपनीत जाते. त्यांच्याकडे उरलंय ते उताराचं काम.

संध्याकाळी परतताना घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर अशी त्याची आख्यायिका. ड्रायव्हर खिडकीतून नाणं टाकून पुढे जातात. टाकावं जरूर, मीही टाकलं.

भाच्यासाठी निकाल असा. रोज वाशीला भरून जायचं, टन-दीड टन ओढायचं, महिन्याला हजारो किलोमीटर करायचे, तर वडिलांचं ऐक, डिझेल घे. कर्जत ते नेरळ, कर्जत ते चौक अशा आखूड फेऱ्या, अर्ध्या टनाचा माल, तर तुझंच खरं: पेट्रोल, किंवा पंपावरच्या रांगेत थांबायची तयारी असेल तर सीएनजी. आखूड फेऱ्यांत डिझेलची काजळीची जाळी तापतच नाही, तुंबते. आणि कुठलीही गाडी घेतलीस तरी दर दोन वर्षांनी, पावसाळ्यानंतर, ब्रेक ऑइल बदल. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर.