दुकान आपले, किल्ली परक्याची

बांद्याहून आंबोलीचा घाट चढून आजरा-गडहिंग्लजमार्गे जाणारा रस्ता पुणे-बंगळूर महामार्गाला मिळतो, तेथे हिरण्यकेशीच्या काठी संकेश्वर वसले आहे. कोकण-गोव्याच्या गृहिणींना हे नाव प्रथम आठवते ते मिरचीसाठी. मिरचीच्या बाजारात गिऱ्हाईक देठ मोडून पाहते, वास घेते, भावावरून हुज्जत घालते आणि पटले नाही तर पुढच्या ढिगाकडे वळते. विकणाऱ्यालाही समोरचा माणूस का गेला हे कळते. आज याच सीमाभागातील तरुण एक निराळा माल विकू पाहत आहेत. त्या मालाला ना देठ ना वजन. स्पर्धा परीक्षांची टिपणे, व्याकरणाचे धडे, भरतकामाचे नमुने, पाककृतींची पुस्तिका असा हा माल पैसे भरताच गिऱ्हाइकाच्या भ्रमणध्वनीवर उतरतो. त्याला गोदाम लागत नाही, भाडेतोडे लागत नाही. मराठी मुलुखाच्या कडेला, कर्नाटकात राहून मराठीत लिहिणाऱ्याला पुण्या-मुंबईचा वाचक घरबसल्या मिळावा, ही सोय लहान नव्हे.

परंतु हा वाचक मिळणार कसा? त्यासाठी जाहिरात हवी, आणि जाहिरातीचा हा नवा बाजार दोन-चार परदेशी कंपन्यांच्या हाती आहे. समजा, संकेश्वरातील एखाद्या शिक्षकाने व्याकरणाची अशी पुस्तिका तयार केली. गूगलच्या खरेदी-जाहिरातीत ती झळकावी म्हणून त्याला मालाचे नाव, चित्र, किंमत, पाठवणीचा खर्च अशी सर्व माहिती ठराविक नमुन्यात भरून द्यावी लागते. हा नमुना मुळात खोक्यातून पाठवावयाच्या वस्तूंसाठी बेतलेला. ज्या वस्तूला पाठवणीच नाही तिचा पाठवणीखर्च काय लिहावा, येथूनच गोंधळाला आरंभ होतो. परताव्याचा नियम दुकानाच्या पानावर स्पष्ट नसला, पत्ता व दूरध्वनी नीट दिला नसला, जाहिरातीतील किंमत आणि पानावरील किंमत यांत फरक पडला, की जाहिरात नाकारली जाते. प्रकरण ‘दिशाभूल’ या सदरात गेले तर सारे खातेच बंद होते, तेही पूर्वसूचनेवाचून. कारण म्हणून जे वाक्य येते ते इतके मोघम असते, की दुरुस्ती करावी तरी कशाची, हे विकणाऱ्याला उमगत नाही. मेटा कंपनीच्या व्यापारविषयक नियमावलीने तर उतरवून घ्यावयाची डिजिटल सामग्री आणि डिजिटल सदस्यत्वे यांची विक्रीच आपल्या बाजारात निषिद्ध ठरविली आहे. त्याच कंपनीकडे पैसे भरून पुस्तिकेची जाहिरात मात्र करता येते. मांडणीवर ठेवू नका, पण दवंडी खुशाल पिटा, असा हा न्याय आहे.

आम्हीही जाहिरातींवरच जगतो, हे येथे लपवीत नाही. आमच्याकडेही जाहिराती नाकारल्या जातात. फरक इतकाच, की नाकारलेल्या जाहिरातीचा मालक दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन टेबलावर हात आपटू शकतो.

नियम करणारा आणि बाजार चालविणारा एकच असला म्हणजे काय घडते, याचे दाखले आता न्यायालयांच्या दप्तरी आहेत. युरोपीय आयोगाने 27 जून 2017 रोजी गूगलला 242 कोटी युरोंचा दंड केला, तो नेमका याच खरेदी-सेवेबद्दल. शोधाच्या निकालांत गूगलने स्वतःची खरेदी-सेवा ठळकपणे वर आणली आणि प्रतिस्पर्ध्यांना खाली लोटले, असे आयोगाला आढळले. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने 10 सप्टेंबर 2024 रोजी तो दंड कायम केला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी 2018 मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल गूगलला 135.86 कोटी रुपयांचा दंड केला. तक्रारदारांत लग्नस्थळे जुळविणारी मॅट्रिमनी डॉट कॉम ही चेन्नईची कंपनी होती. सहा वर्षांनी, 1 मार्च 2024 रोजी, सेवाशुल्काच्या वादातून गूगलने आपल्या ॲपच्या दुकानातून दहा भारतीय कंपन्यांचा माल काढून टाकला. त्यांत याच कंपनीची भारत मॅट्रिमनी होती, मुंबईची शादी डॉट कॉम होती आणि ध्वनिपुस्तके ऐकविणारी कुकू एफएमही होती. केंद्रीय मंत्र्यांनी मध्यस्थी केली आणि चार-पाच दिवसांत तो माल पुन्हा दुकानात आला. मंत्र्यांच्या दारापर्यंत पोहोचू शकणाऱ्या कंपन्यांची ही कथा आहे. संकेश्वरच्या मास्तरांसाठी कोणता मंत्री मध्यस्थी करणार?

हा भाग ही गोष्ट विसरलेला नाही. संकेश्वराहून कोल्हापूरच्या वाटेवर निपाणी लागते. व्यापारी ठरवील तो भाव आणि व्यापारी लावील ती सूट, या जाचाविरुद्ध शरद जोशींच्या नेतृत्वाखाली 1981 च्या मार्चमध्ये तंबाखू उत्पादकांनी तेथे महामार्गावर ठाण मांडले. 6 एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकरी बळी पडले. त्या रक्तरंजित प्रसंगाशी जाहिरातीच्या खात्याची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल, आणि ती आम्ही करीत नाही. साम्य आहे ते एका जागी. माल एकाचा, तो घ्यावा की नाही आणि कोणत्या अटींवर, हे सांगणारा दुसरा, आणि त्या दुसऱ्याला जाब विचारण्याची सोय नाही. निपाणीचा व्यापारी निदान निपाणीतच राहत होता.

कोणी म्हणेल, कंपन्यांनी कडक राहू नये काय? अवश्य राहावे. ‘महिनाभरात लक्षाधीश व्हा’ असे शिकविणारे वर्ग आणि दुसऱ्याच्या पुस्तकांच्या चोरून केलेल्या प्रतींचे गठ्ठे याच वाटेने विकले जातात. मराठी प्रकाशकांना या चोरीची झळ पुरेपूर बसली आहे. अशा मालाला दार बंद झालेच पाहिजे. आमचा आक्षेप कडकपणाला नाही, मुकेपणाला आहे. चोर आणि नियमातील एक रकाना चुकलेला मास्तर या दोघांना एकाच शब्दात हाकलणारे यंत्र न्याय करीत नाही, केवळ स्वतःची सोय पाहते.

युरोपने यावर उपाय केला आहे. 12 जुलै 2020 पासून तेथे लागू असलेल्या नियमांनुसार, विक्रेत्याची सेवा थांबविताना बाजार चालविणाऱ्या कंपनीला त्याची कारणे लेखी द्यावी लागतात आणि सेवा कायमची बंद करावयाची तर सामान्यतः तीस दिवस आधी कळवावे लागते. मोठ्या कंपन्यांनी तक्रार ऐकण्याची अंतर्गत व्यवस्था ठेवावी, असेही बंधन आहे. आपल्याकडील ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम त्याच वर्षी, जुलै 2020 मध्ये आले. डिजिटल वस्तूही त्यांच्या कक्षेत येतात. ग्राहकाच्या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे, असे ते सांगतात. ग्राहकाची ही काळजी योग्यच आहे. पण नावाप्रमाणेच हे नियम ग्राहकासाठी आहेत. ज्याचे दुकान एका रात्रीत अदृश्य झाले त्या लहान विक्रेत्याला लेखी कारण मागण्याचा तितका स्पष्ट हक्क त्यांत नाही. डिजिटल स्पर्धेविषयीच्या कायद्याचा मसुदा मार्च 2024 मध्ये केंद्राने लोकांपुढे ठेवला, त्याचा रोख प्रामुख्याने बड्या डिजिटल कंपन्यांच्या स्पर्धाविरोधी वर्तनावर होता.

तोवर विकणाऱ्यांनी काही खबरदारी घ्यावी. गिऱ्हाइकांचे पत्ते व क्रमांक त्यांच्या संमतीने आपल्या वहीत उतरवून ठेवावेत, एकाच कंपनीच्या जाहिरातीवर सारा व्यवहार टांगू नये आणि जमेल तेथे पुस्तिकेची छापील आवृत्तीही काढावी. पण ही खबरदारी म्हणजे हक्क नव्हे. बेळगाव, चिकोडी, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोवा येथील खासदारांचे पक्ष भिन्न असतील, सीमाप्रश्नावरील मतेही भिन्न असतील. या एका मागणीला मात्र त्यांपैकी कोणाचा विरोध असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. खाते बंद करण्यापूर्वी लेखी कारण, ते विक्रेत्याला कळेल अशा भाषेत, आणि अपील ऐकावयास यंत्राऐवजी माणूस, एवढ्या तीन गोष्टी कायद्यात घालण्याची मागणी त्यांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात मिळून करावी.