मुरुमांचं क्रीम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चेहऱ्यावर मुरुम आले की घरात सल्ल्यांना तोटा नसतो. आजीच्या मते अंगात उष्णता झालेली असते, काकूच्या मते पोट साफ होत नसतं, कुणी मुलतानी माती सुचवतं, तर मैत्रीण स्वतःच्या ट्यूबचा फोटो पाठवून मोकळी होते. या सगळ्यातून वाट काढत माणूस कधीतरी त्वचारोगतज्ज्ञाकडे पोचतो, चिठ्ठीवरचं क्रीम आणतो, नेमानं लावू लागतो आणि तीन आठवड्यांनी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतो. मुरुमांचे उपचार फसतात ते बऱ्याचदा याच टप्प्यावर. औषध चुकीचं नसतं, पण ते काय करतं, किती दिवसांत करतं आणि कसं लावायचं, हे कुणी नीट सांगितलेलं नसतं.

मुरुम येतो कसा, हे कळलं की क्रीमचं काम आपोआप कळतं. त्वचेतल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे तिच्यातून जास्त तेल झरू लागतं. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि छिद्राला बूच बसतं. अडकलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस हे जिवाणू वाढतात, भोवती दाह होतो आणि लाल, दुखरी पुटकुळी वर येते. तेल, बूच, जिवाणू आणि दाह अशी ही चार कारणं आहेत. ट्रेटिनॉइन, ॲडापलीन ही रेटिनॉइड गटातली औषधं मुख्यतः बूच बसू देत नाहीत. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जिवाणू आणि दाह दोन्ही कमी करतं. अझेलाइक ॲसिड बूच, जिवाणू आणि दाह या तिन्हींवर थोडं थोडं काम करतं आणि डागही फिकट करतं. लावायचं एकच औषध चारही कारणांना पुरं पडत नाही, म्हणून डॉक्टर अनेकदा दोन औषधांची जोडी देतात.

गैरसमज : पंधरा दिवसांत फरक दिसला नाही, म्हणजे औषध लागू पडत नाही.

वस्तुस्थिती : आज आरशात दिसणारा मुरुम कित्येक आठवड्यांपूर्वी त्वचेच्या आत सुरू झालेला असतो. डोळ्यांना न दिसणारं ते बारीक बूच पुटकुळी होऊन वर यायला दीड-दोन महिनेही लागू शकतात. रेटिनॉइड क्रीमचा भर नवी बुचं तयार होऊ न देण्यावर असतो. आधीच वाटेत असलेले मुरुम ठरल्याप्रमाणे बाहेर येतच राहतात. काहींना तर पहिल्या काही आठवड्यांत मुरुम वाढल्यासारखे वाटतात. म्हणून साधारण ८ आठवड्यांनी सुधारणा दिसू लागते आणि औषध चाललं की नाही याचा निवाडा १२ आठवड्यांनी करायचा असतो. रोज आरशात बघून हा बदल कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवला तर कळतो, आणि डॉक्टरांनाही तो दाखवता येतो.

गैरसमज : चेहरा लाल झाला, साल निघाली, म्हणजे ॲलर्जी आली.

वस्तुस्थिती : रेटिनॉइड सुरू केल्यावर पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडणं, किंचित चुरचुरणं, नाकाभोवती साल निघणं हे नेहमीचं आहे. त्वचेला सवय झाली की ते ओसरतं. तोवर काही साधे उपाय करता येतात. क्रीम रोज न लावता सुरुवातीला एक रात्र सोडून एक रात्र लावावं. चेहरा धुतल्यावर लगेच न लावता पूर्ण कोरडा होऊ द्यावा, कारण ओल्या त्वचेवर आग जास्त होते. सोबत सौम्य मॉइश्चरायझर लावावं. त्वचा फारच नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर औषध असा क्रमही चालतो. 'त्वचा तेलकट आहे, मॉइश्चरायझर कशाला?' ही शंका इथं गैरलागू आहे. तेल वेगळं आणि त्वचेतला ओलावा वेगळा. 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं बंद न करणारं, असं लिहिलेलं मॉइश्चरायझर घेतलं की झालं. मात्र पापण्या सुजणं, अंगावर गांधी उठणं, फोड येणं ही लक्षणं वेगळी आहेत. तसं झालं तर क्रीम थांबवून डॉक्टरांना दाखवायलाच हवं, आणि श्वास लागू लागला तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठायला हवं.

गैरसमज : मुरुमावर टिपका लावायचा, आणि जास्त लावलं की लवकर गुण येतो.

वस्तुस्थिती : दिसणाऱ्या पुटकुळीवर टिपके देत बसलं की शेजारी तयार होत असलेली बुचं तशीच राहतात. जिथं वारंवार मुरुम येतात तो कपाळ, गाल, हनुवटीचा सगळा भाग औषधाखाली यायला हवा. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याच्या दाण्याएवढं क्रीम पुरतं. डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या घड्या टाळाव्यात, कारण तिथं औषध साचतं आणि त्वचा सोलवटते. जाड थर दिल्यानं परिणाम वाढत नाही, जळजळ तेवढी वाढते. टक्केवारीचंही तसंच आहे. बेंझॉइल पेरॉक्साइडचं २.५ टक्क्यांचं जेल लाल पुटकुळ्यांवर १० टक्क्यांच्या जेलइतकंच काम करतं आणि त्यानं आग कमी होते. या औषधानं कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा रात्री पांढरा अभ्रा आणि पांढरा टॉवेल वापरलेला बरा.

गैरसमज : रेटिनॉइडनं कातडी पातळ होते, आणि उन्हाळ्यात तर ते चालतच नाही.

वस्तुस्थिती : ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वापासून बनलेलं आम्ल आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६० च्या दशकात मुरुमांवर त्याचा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये तिथं त्याला मान्यता मिळाली. म्हणजे अर्ध्या शतकाचा वापर त्याच्या पाठीशी आहे. सुरुवातीला साल निघते ती अगदी वरच्या मृत थराची. दीर्घ वापरात त्याखालचा जिवंत थर पातळ होत नाही, उलट काहीसा जाड होतो आणि खालचं कोलॅजेनही वाढतं. कातडी पातळ होते ती स्टिरॉइडनं, आणि या दोन औषधांची गल्लत हेच या भीतीचं मूळ आहे.

उन्हाचा प्रश्न मात्र खरा आहे. नवी त्वचा उन्हाला हळवी असते, आणि ट्रेटिनॉइन स्वतः प्रकाशात विघटित होतं. म्हणून ते रात्री लावायचं आणि दिवसा किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन वापरायचं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातही उपचार थांबवायची गरज नसते. टोपी-ओढणी आणि सनस्क्रीन यांत हयगय नको, इतकंच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चिकट क्रीमऐवजी जेल स्वरूपातलं सनस्क्रीन सोसतं. पार्लरमध्ये चेहऱ्याचं वॅक्सिंग करायचं असेल तर रेटिनॉइड काही दिवस आधी बंद ठेवावं, नाहीतर वॅक्ससोबत कातडीही निघते.

गैरसमज : औषधाच्या दुकानातून आणलेलं क्रीम चार दिवसांत चेहरा स्वच्छ करतं, तेच खरं औषध.

वस्तुस्थिती : हा यादीतला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे. चार दिवसांत लाली घालवणाऱ्या आणि रंग उजळवणाऱ्या क्रीममध्ये बरेचदा स्टिरॉइड असतं. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही त्यातली नेहमीची नावं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं तिहेरी मिश्रण वांगांवर ठरावीक मुदतीपुरतं वापरायचं असतं, पण ते 'गोरं होण्याचं क्रीम' आणि 'पिंपल्सचं क्रीम' म्हणून घरोघर पोचलं आहे. स्टिरॉइड दाह दाबतं, म्हणून सुरुवातीला जादू झाल्यासारखी वाटते. पुढे त्याच स्टिरॉइडमुळे चेहरा भरून बारीक पुटकुळ्या येतात, त्वचा पातळ होऊन रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर आणि ओठांवर लव वाढते. क्रीम बंद केलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो, आणि या चक्रातून सुटणं अवघड होतं.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या अनेक केंद्रांवरच्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत असल्याचं आढळलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना हा सल्ला डॉक्टरांनी दिलेलाच नव्हता. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं या गैरवापराविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चेहऱ्याला सर्रास लावली जाणारी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा आहे. प्रत्यक्षात 'अमुक क्रीम द्या' म्हटलं की ट्यूब आजही सहज हातात पडते. अशी ट्यूब बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका. ती कशी सोडायची हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

गैरसमज : अँटिबायोटिक क्रीम एकटंच पुरेसं आहे.

वस्तुस्थिती : क्लिंडामायसिन महिनोन् महिने एकटं लावलं की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइडबरोबर देतात आणि काम झालं की थांबवतात. बेंझॉइल पेरॉक्साइडला जिवाणू असे सरावत नाहीत. जोडी लावताना एक पथ्य आहे. साधं ट्रेटिनॉइन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकाच वेळी लावू नये, कारण दुसऱ्यामुळे पहिलं निकामी होतं. एक सकाळी, एक रात्री लावावं. ॲडापलीनला ही अडचण नाही, म्हणून त्या दोघांचं मिश्रण एकाच ट्यूबमध्ये मिळतं.

गैरसमज : मुरुम म्हणजे अस्वच्छता, तेलकट खाणं किंवा अंगातली उष्णता.

वस्तुस्थिती : बूच छिद्राच्या आत असतं, ते साबणानं घासून निघत नाही. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. खरखरीत स्क्रब, लिंबू, टूथपेस्ट यांनी त्वचा आणखी चिडते. तळलेल्या भज्यांवरचा आरोपही भक्कम पुराव्यानं सिद्ध झालेला नाही. साखर आणि मैदा जास्त असलेला आहार, तसंच दूध, विशेषतः साय काढलेलं, यांचा काही जणांच्या मुरुमांशी संबंध दिसतो, पण पथ्य हे औषधाची जागा घेत नाही. आपल्याकडे एक कारण मात्र हमखास नजरेआड होतं, ते म्हणजे डोक्याला रात्रभर थापलेलं खोबरेल. ते कपाळावर उतरतं आणि छिद्रं बंद करतं. कपाळावरच मुरुम येत असतील तर तेल लावून तासा-दोन तासांत केस धुवावेत.

गैरसमज : चेहरा साफ झाला, आता क्रीम बंद.

वस्तुस्थिती : मुरुमांची प्रवृत्ती काही वर्षं टिकते. क्रीम पूर्ण सोडलं की बुचं पुन्हा बसू लागतात. म्हणून अँटिबायोटिक थांबवून रेटिनॉइड मात्र डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवतात. मागे राहिलेल्या खुणांबाबतही फरक ध्यानात घ्यावा. काळे-तपकिरी डाग हे सपाट असतात, गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर ते जास्त उठतात, आणि सनस्क्रीन, रेटिनॉइड, अझेलाइक ॲसिड यांनी काही महिन्यांत फिकट होतात. खड्डे क्रीमनं भरत नाहीत, त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडचे वेगळे उपचार लागतात. मुरुम फोडले, दाबले की हेच खड्डे वाढतात.

गैरसमज : बाहेरून लावायचं औषध, त्यात कसला धोका?

वस्तुस्थिती : गरोदरपणात आणि गर्भधारणेचा विचार असताना रेटिनॉइड क्रीम टाळतात. त्वचेतून रक्तात फार थोडं औषध जात असलं तरी या काळात जोखीम घेत नाहीत. अझेलाइक ॲसिडसारखे पर्याय असतात, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगावं. अमेरिकेत ०.१ टक्का ॲडापलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, त्यामुळे तिकडचे नातेवाईक भेट म्हणून ट्यूब आणतात. ती वापरण्याआधीही डॉक्टरांना विचारावं.

गैरसमज : वयाचा भाग आहे, लग्न झालं की जातील.

वस्तुस्थिती : तिशी-चाळिशीतही मुरुम येतात आणि वाट बघण्याची किंमत व्रणांच्या रूपात मोजावी लागते. खोल, दुखऱ्या गाठी, वाढत जाणारे खड्डे, किंवा १२ आठवडे नीट लावूनही फरक न पडणं, ही क्रीमच्या पुढे जाण्याची लक्षणं आहेत. अशा वेळी पोटातून घ्यायची औषधं लागतात. त्यांतलं आयसोट्रेटिनॉइन प्रभावी आहे, पण गरोदरपणात ते बाळासाठी अत्यंत घातक ठरतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कधीही घेऊ नये. मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर लव वाढत असेल तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करावी. आणि पुटकुळ्या एकाच आकाराच्या, खाजऱ्या, छाती-पाठीवर घामाच्या दिवसांत येणाऱ्या असतील तर त्या मॅलासेझिया या बुरशीच्या असू शकतात. त्यांचे उपचारच वेगळे आहेत.

आज घरातली ट्यूब हातात घ्या आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. वर सांगितलेल्या स्टिरॉइडपैकी एखादं नाव दिसलं आणि ते डॉक्टरांनी तुमच्यासाठी लिहिलेलं नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागातही हे उपचार अल्प खर्चात होतात. आणि ट्यूब डॉक्टरांनीच दिलेली असेल, तर तिला पुरते १२ आठवडे द्या.