राखणीसाठीं फिरतें मचाण

सोयाबीन उगवून दोन पानांवर आलें असतां एके सकाळीं शेतांत जावें आणि ओळीच्या ओळी शेंडे खुडलेल्या पाहाव्या, हा अनुभव आमच्या जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस नवा नाहीं. हरणांचा कळप जें खातो त्याहून त्याच्या खुरांखालीं अधिक मोडतें. पुन्हां बियाणें आणून दुबार पेरणी करावी, तर तोंवर हंगाम मागें पडलेला असतो. म्हणून राखणदारानें बसावयाचें कोठें व कसें, याचा विचार अवजाराच्या निवडीइतक्याच काळजीनें झाला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करितों. येथें शिकारीचा विचार नाहीं. वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ सालीं झाला, आणि काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. पिकांत शिरला म्हणून त्यास मारणें हा तुरुंगाचा गुन्हा होय. रोही व रानडुक्कर यांच्या बाबतींतही वनखात्याच्या लेखी परवानगीवांचून हात उचलतां येत नाहीं. तेव्हां मचाण हवें तें मारण्यासाठीं नव्हे, तर पाहण्यासाठीं व हुसकण्यासाठीं.

शिकाऱ्यांची विद्या मात्र आपल्या उपयोगाची आहे. जालना येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ सालापर्यंत होती, त्या काळीं साहेबलोक माळावर काळविटांची शिकार करीत. कोल्हापूर दरबारीं तर पाळीव चित्ते सोडून काळवीट धरण्याचा षोक मोठा होता. चित्ता डोळ्यांवर पट्टी बांधून बैलगाडींतून नेत, कारण मनुष्य पायीं चालतांना दिसला कीं कळप उधळतो, पण बैलगाडीस तो बुजत नाहीं. रोज पाहण्यांतली वस्तु म्हणून तिच्यावर त्याचा विश्वास. चित्ता आपल्या देशांतून नाहींसा झाल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें. गाडीची युक्ति तेवढी शिल्लक आहे. ज्यांच्या घरीं अद्याप बैलगाडी आहे त्यांनीं ती धुऱ्यावर उभी करून तींत बसावें. त्याहून चांगलें मचाण विकत मिळावयाचें नाहीं.

ज्यांच्याजवळ गाडी नाहीं त्यांचें काय? बांधावरील कायमचें मचाण जोंधळ्यावरील पांखरें राखण्यास उत्तम, परंतु चतुष्पादांस तें चार दिवसांत ओळखीचें होतें. बुजगावण्याची जी गत तीच त्याची. कळप मग दुसऱ्या बाजूनें शिरतो. म्हणून बसण्याची जागा फिरती पाहिजे.

अमेरिकेंत हरणांच्या शिकारीसाठीं घडीची खुर्ची व तिच्यावर कापडी तंबू असें एक साधन विकतात. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांनीं तें मागविलें, व गेल्या हिवाळ्यांत हरभऱ्याच्या राखणीस आम्हांस चार रात्री वापरावयास दिलें. वजनास हलकें, उघडण्यास सोपें, हें खरें. परंतु त्याची खिडकी पुढच्याच अंगास मोठी आहे. शिकाऱ्यास एकाच दिशेस नेम धरावयाचा असतो. आपणांस मात्र चारी बांध दिसावे लागतात. कापड कृत्रिम धाग्याचें असल्यामुळें हाताचा जरा धक्का लागतांच खुसखुसतें. शिवाय पाय बारीक. तिसऱ्या रात्रीं रोह्यांचा कळप वीस पावलांवर आला असतां आम्ही पुढें वांकलों, तोंच एक पाय काळ्या रानाच्या भेगेंत गेला आणि तंबूसकट आम्ही हरभऱ्यांत आडवे झालों. रोही पळाले, म्हणजे राखण झाली म्हणावयाची; पण कंबरेनें आठ दिवस सोडलें नाहीं.

यास्तव आमचें मत असें कीं, हें साधन घरींच करावें. पाठ व हात असलेली घडीची लोखंडी खुर्ची घ्यावी, व प्रत्येक पायाखालीं वीतभर रुंद फळीचा तुकडा तारेनें बांधावा. चार बांबू, त्यांवर तरटाचे पडदे, आणि डोळ्यांच्या उंचीस चोहोंकडे चार बोटांची फट ठेवावी. बाहेरून पऱ्हाट्या किंवा तुराट्या खोंचाव्या. कडबा लावूं नये. रोही मचाणच खाऊं लागतील. निळी ताडपत्री तर मुळींच नको. हरिणांसारख्या प्राण्यांस तांबडा रंग ठळक दिसत नाहीं, निळा मात्र चांगला दिसतो. त्याच कारणास्तव विजेरीच्या कांचेवर तांबडा कागद लावून पाहावें, आणि हुसकण्याच्या वेळीं तो काढून पांढरा उजेड एकदम सोडावा.

जागा निवडतांना आधीं दिवसां बांध फिरावा. रोही एकाच ठिकाणीं वारंवार लेंड्या टाकतो, त्या ढिगावरून त्याची वाट समजते; डुकरानें मुसंडीनें जमीन उकरलेली असते. मग वारा पाहावा. पावसाळ्यांत तो पश्चिमेकडून येतो, तेव्हां पूर्वेच्या बांधास बसावें. रब्बींत बहुधा उलट. डुकराची नजर मंद पण नाक तिखट, काळविटाची सारी भिस्त डोळ्यांवर. पहिल्या दोन रात्री केवळ पाहावें, आवाज करूं नये. कोठून येतात हें कळल्यावर त्या वाटेच्या तोंडाशींच खुर्ची न्यावी, आणि कळप बांध ओलांडीत असतांनाच डबा, गोफण व उजेड यांनीं त्यास परतवावें. पिकाच्या मध्यभागीं आल्यावर हुसकल्यास तो सैरावैरा धांवून अधिक नासाडी करितो. तिसऱ्या दिवशीं जागा बदलावी.

झोंप आलीच तर खुर्चींतच घ्यावी. जमिनीवर घोंगडी टाकून निजूं नये. मण्यार रात्रीं फिरते, जमिनीवर निजलेल्यास चावते, आणि तिचा दंश पुष्कळदां कळतही नाहीं. पाय टेकण्यास आडवी काठी व वरून मच्छरदाणी असावी.

जागरणास कंटाळून कांहीं लोक कुंपणाच्या तारेंत वीज सोडतात. आम्हीं महसुलाच्या नोकरींत असतां अशा मृत्यूचे कागद लिहिले आहेत. त्यांतील एका प्रकरणीं तारेस चिकटला तो शेताच्या मालकाचाच मुलगा होता, पहाटे बापासाठीं चहा घेऊन आलेला. त्या पंचनाम्यावर बापाचा अंगठा घेतांना आमचा हात कांपला, तो अद्याप आठवतो.

आणखी एक, जुन्या कारकुनाची संवय म्हणून सांगतों. खुर्चीच्या हातास एक पिशवी शिवावी व तींत वही ठेवावी. तारीख, गट नंबर, कोणतें जनावर, किती, कोणत्या बांधानें आलें, हें त्याच रात्रीं लिहावें. वन्य प्राण्यांनीं केलेल्या नुकसानीची भरपाई सरकार देतें, परंतु खबर तीन दिवसांचे आंत वनखात्यास गेली पाहिजे. पंच येईपर्यंत खुरांच्या खुणांवरून नांगर फिरवूं नये.

हंगाम संपतांच तरट उन्हांत वाळवून वळचणीस उंच टांगावें. कोठींत ठेविल्यास उंदीर त्याची चाळण करितात, आणि पुढील मृगांत पुन्हां सुई-दोरा हातीं घ्यावा लागतो.