संशोधन परिषदेला निघालेला विद्यार्थी आणि आपले मंडळ

दिनांक 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणांतून अभिमानाने सांगतो. परंतु त्यामागे बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती, हे सांगायचे राहून जाते. पुढे 1920 साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची बचत पुरेना म्हणून त्यांना नवल भाथेना या पारशी मित्राकडून कर्ज घ्यावे लागले. विद्वत्ता त्यांची स्वतःची होती. पैसा मात्र वेळेवर उभा राहावा लागला.

आज आपल्या समाजातील मुले-मुली एम.टेक., पीएच.डी.पर्यंत पोहोचली आहेत. त्यांच्या तोंडी ‘कॉन्फरन्स’ हा शब्द येतो, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना ती सहल वाटते. तसे नाही. विद्यार्थी आपल्या संशोधनाचा लेख परिषदेकडे पाठवितो, त्या विषयाचे जाणकार तो तपासतात आणि पसंत पडला तरच स्वीकारतात. मग विद्यार्थ्याने तेथे जाऊन तो मांडायचा, प्रश्नांना उत्तरे द्यायची. संगणक शास्त्रासारख्या शाखेत तर नामांकित परिषदेतील लेखाला नियतकालिकातील लेखाइतकेच वजन असते. पुढील संशोधनाच्या जागा, नोकऱ्या, मार्गदर्शक येथेच भेटतात.

अडचण येते ती लेख स्वीकारल्याचे पत्र आल्यानंतर. नोंदणीशुल्क काही आठवड्यांच्या आत भरावे लागते. परदेशातील परिषदेत ते विद्यार्थ्यालासुद्धा काही शे डॉलर पडते. लेखकांपैकी एकानेही शुल्क भरले नाही तर स्वीकारलेला लेख बहुधा वगळला जातो. अनुदाने नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाच्या योजना आहेत, आय.आय.टी.सारख्या संस्थांचा स्वतःचा निधी असतो, काही परिषदा विद्यार्थ्यांना प्रवासखर्चही देतात. पण यांतील बरेचसे पैसे परत आल्यावर, तिकिटे व पावत्या सादर केल्यावर मिळतात. म्हणजे ज्याच्या घरी आधीच लाख-दीड लाख रुपये आहेत, त्यालाच या मदतीचा खरा उपयोग!

माझ्या भाच्याचे असेच झाले. लेख स्वीकारला गेला, महाविद्यालयाने खर्चही मंजूर केला, पण तो नंतर मिळणार होता. बहिणीने दागिने गहाण टाकण्याची तयारी केली, तोवर विमानाचे भाडे वाढले. अखेर त्याचा लेख सहलेखकाने वाचला. लेखावर नाव भाच्याचे आहेच, पण प्रश्न विचारणाऱ्यांनी चेहरा दुसऱ्याचाच पाहिला.

पैशाखेरीज आणखीही खाचखळगे आहेत. युरोपातील बहुतेक देशांच्या व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो. शिवाय खर्चाची सोय दाखविण्यासाठी बँकेचे मागील काही महिन्यांचे उतारे मागतात. आयत्या वेळी खात्यात भरलेली मोठी रक्कम पाहून अधिकारी शंका घेतात. अशा वेळी मंडळाने खर्च उचलत असल्याचे पत्र लेटरहेडवर, हिशेबपत्रकासह दिले तर त्याचा आधार होतो. आणखी एक बारीकशी गोष्ट अशी की, 2020 पासून नवीन बँक कार्डे फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू करून मिळतात. परदेशी व्यवहाराची सोय आपण होऊन सुरू करून घ्यावी लागते. शुल्क भरण्याच्या शेवटच्या रात्री हे कळून उपयोग नाही.

म्हणून माझे नम्र निवेदन असे की, मंडळाने बक्षिसाच्या रकमा वाटण्याऐवजी एक फिरता निधी उभारावा. विद्यार्थ्याला रक्कम बिनव्याजी उसनी द्यावी. अनुदान हाती आल्यावर त्याने ती परत करावी, म्हणजे तीच रक्कम पुढच्याच्या कामी येईल. नागपूरच्या दीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले होते. आपण वर्षातून एका महिन्याचा विसावा भाग दिला तरी आरंभ होईल. अनुदान नाकारले गेल्यास काय, असे खजिनदार विचारतील. अशी काही रक्कम बुडेल हे धरूनच चालावे. नोकरी लागल्यावर हप्त्याने फेडण्याचे लेखी ठरवून घ्यावे.

एक सावधगिरी मात्र हवीच. नुसत्या शुल्कासाठी भरविल्या जाणाऱ्या परिषदाही आहेत. दोन दिवसांत लेख स्वीकारतात, तपासनिसांचा एक शब्दही कळवीत नाहीत आणि लगेच पैशाचा तगादा लावतात. समितीतील सर्वांना अभियांत्रिकी समजणार नाही, त्याची गरजही नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्र आणि तपासनिसांचे अभिप्राय मागावेत. अभिप्रायच नसतील तर पैसे देऊ नयेत.

अर्ज लेख पाठवितानाच घ्यावा, स्वीकृतीपत्राची वाट पाहू नये. परत आल्यावर महिन्याभरात पावत्या जमा कराव्यात, आणि एका रविवारी विहारात आपण तेथे काय मांडले ते विद्यार्थ्याने मराठीत सांगावे. त्या दिवशी दहावी-बारावीच्या मुलांना पुढच्या रांगेत बसवावे.